खिशातला खडू

"ते कोलेस्टेरॉलची गोळी घेतात का?" तरुण डॉक्टरबाईने विचारलं.

"रोज," आई म्हणाली. "रात्री जेवण झालं की मी माझ्या हाताने देते. एक दिवस चुकवली नाही."

कॉटवर बाबा डोळे मिटून पडले होते. शिलाई मशीनची सुई बोटात घुसली, तेव्हा त्यांनी वर चिंधी गुंडाळून हातातलं शिवण पुरं केलं होतं. आता त्या बोटातला संसर्ग रक्तात उतरला होता. हात कोपरापर्यंत सुजलेला, श्वास भराभर. मधूनच ते गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं काही पुटपुटत होते.

"मग त्यांना अभ्यासात घेता येणार नाही, काकू."

हा अभ्यास काय, ते डॉक्टरने आत्ताच मायलेकींना समजावलं होतं. संसर्ग रक्तात पसरला की शरीर आपल्याच रक्तवाहिन्या सुजवतं. कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी ती सूजही उतरवते, असं वाटतं. अगदी सुरुवातीला दिली तर कदाचित माणूस वाचेल. 'वाटतं' आणि 'कदाचित' हे शब्द तिने सावकाश उच्चारले होते. अँटिबायोटिक आणि सलाईन सगळ्यांनाच. त्यावर अर्ध्या जणांना ही गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी.

"रोज घेणाऱ्याची गोळी काढून घ्यायची आणि त्याच्या वाट्याला खोटी यायची, हे बरोबर नाही," ती म्हणाली. "कुणाला कुठली मिळते ते आम्हालाही माहीत नसतं. घेणाऱ्याला नाही आणि देणाऱ्यालाही नाही."

"देणाऱ्याला कसं कळणार नाही?" आईला हसू आलं. "मी तर ह्यांच्या घोटावरून ओळखते, गोळी उतरली की नाही ते. जाऊ दे. ह्यांच्या अंगात ते औषध आधीच आहे म्हणजे." सकाळपासून ताठ बसलेल्या आईने पहिल्यांदाच भिंतीला पाठ टेकली.

मुलगी शेजारच्या कॉटकडे पाहत होती. तिथला माणूस अभ्यासात होता. त्याच्याकडे सारखं कुणी ना कुणी येत होतं, रक्त घेत होतं, आकडे बघत होतं. बाबांचं सलाईन संपून नळीत रक्त चढलं, तेव्हा सिस्टरना शोधायला तिला वॉर्डभर फिरावं लागलं होतं.

डॉक्टर उठली.

"थांबा," मुलगी म्हणाली. "बाबा गोळी घेत नाहीत."

"अगं, मी देते ना."

"तू देतेस. ते गालात धरतात. तू ताटं उचलायला वळलीस की काढून खिशात टाकतात."

"काहीतरी बोलू नकोस. शर्ट मी धुते. खिशात कधी..."

आईने आपल्या नखांकडे पाहिलं.

"खडू," मुलगी हळूच म्हणाली.

शिंप्याच्या खिशात खडू असायचाच. धुण्याच्या वेळी खिशाच्या शिवणीत पांढरं काहीतरी चिकटलेलं असे. ते नखाने खरवडताना आई करवादायची, ह्या माणसाला खडू दुकानात ठेवायला काय धाड भरते. बाबा हसून कान पकडायचे.

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. गोळीने पोटऱ्या ठणकायच्या म्हणे. मशीन चालवता येईना."

"मग मला सांगायचं."

"तुला गोळी दिल्याचं समाधान असतं म्हणाले. शांत झोपतेस म्हणाले."

"आणि तुला सांगितलं."

"मी बघितलं एकदा, म्हणून."

डॉक्टर उभीच होती. "गेल्या महिन्याभरात एकही नाही? नक्की?"

"एकही नाही."

"बरं झालं बोललात," डॉक्टर म्हणाली. ती मनापासून म्हणाली होती. मुलीने संमतीपत्रावर सही केली आणि ते घेऊन डॉक्टर गेली. आईने कुठे सही करायची ते विचारलं नाही.

सिस्टर डबी घेऊन आल्या. त्यांनी बाबांची मान उचलून घोटभर पाणी पाजून पाहिलं. पाणी गेलं. मग त्यांनी गोळी आईपुढे धरली. "तुम्ही द्या, काकू. घरच्या हातून बरं घेतात."

आईने मांडीवरचे हात उचलले नाहीत. "हिला द्या. हिच्यापासून ते काही लपवत नाहीत."

मुलीने गोळी बाबांच्या जिभेवर ठेवली आणि पाणी दिलं. बाबांनी पाणी गिळलं. डोळे मिटलेलेच होते. मग त्यांची जीभ आतल्या आत हलली आणि डावा गाल किंचित फुगला.

तिघींनीही ते पाहिलं.

"बाबा, गिळा."

गाल तसाच राहिला. तापाने पेटलेल्या त्या चेहऱ्यावर कान पकडतानाचं हसू होतं.

आई उठली. कॉटभोवतीचा पडदा बाजूला करून पलीकडे गेली आणि तिने तो मागून नीट ओढून घेतला.

"आता सांग त्यांना," ती तिकडून म्हणाली. "म्हणावं, आई नाहीये इथे."

मुलगी बाबांच्या कानाशी वाकली. "बाबा," ती म्हणाली, "आई नाहीये इथे."

बाबांचा कंठ वरखाली झाला. पडद्याखाली आईची पावलं दिसत होती.