वॉचमनचा रोल

सिनेमा सुटला तेव्हा अख्खी टीम हसत बाहेर आली. एकटा समाधान जबडा आवळून चालत होता.

शुक्रवारची दुपार, तिकिटं कंपनीच्या खर्चाने, हिंजवडीच्या ऑफिसला परत जायचं नाही. कोथरूडच्या त्या मल्टिप्लेक्समध्ये कोणाचं तोंड वाकडं असायचं काही कारण नव्हतं. फूड कोर्टात दोन टेबलं जोडून सगळे बसले आणि टीम लीड दत्तप्रसादने थेट समाधानकडे पाहिलं. सिनेमाच्या बाबतीत समाधानचं आधी ऐकायचं, हा रिवाजच होता. दर सोमवारी त्याचा मेल यायचा, नव्या सिनेमाची सालटी काढणारा, आणि अख्खा मजला हातातलं काम टाकून तो वाचायचा.

"बोला परीक्षक. आपला निकाल लागल्याशिवाय आमच्या घशाखाली सँडविच उतरणार नाही."

"भिकार सिनेमा."

"झालं!" पूर्णिमा म्हणाली. "अरे, पुण्यात तिकिटं मिळत नाहीयेत."

"गर्दी पासपोर्ट ऑफिसातही असते." समाधानने खुर्ची पुढे ओढली. "हिरो अमेरिकेतून उतरतो आणि बॅग खाली ठेवायच्या आधी संस्कारांवर भाषण देतो. हिरॉइन बँकेत मॅनेजर, पण पूर्ण सिनेमात ती फक्त चहा करते. गाणं परदेशात, का, तर निर्मात्याला सहकुटुंब फिरून यायचं असेल. हेही सोडून देतो. पण तो वॉचमन..."

"ए, तोच तर बेस्ट होता!" तेजस ओरडला. "काय टायमिंग आहे!"

"कसलं टायमिंग? त्याची बायको दवाखान्यात आहे. तो सोसायटीच्या चेअरमनपुढे हात जोडून दोन दिवसांची सुट्टी मागतोय. यात विनोद कुठाय?"

"पण मागतो कसा ते बघ ना! 'सायेब, मले सुट्टी...'" तेजसला पुढचं बोलवेना. टेबलभर पुन्हा हशा.

"तेच विचारतोय. विनोद कुठाय? लेखकाने लिहिलेलाच नाही. नुसतं वऱ्हाडी बोलायला लावलं आणि तुमच्याकडून हशा वसूल केला. मराठी सिनेमात डॉक्टर वऱ्हाडी का बोलत नाही? प्रेयसी का बोलत नाही? नोकर आला की बरी ही बोली आठवते."

दत्तप्रसादने मान हलवली. "मुद्दा आहे. मेलमध्ये लिही हे. पण लोक कशाला हसणार ते तुला विचारून ठरत नाही रे." मग त्याने हात पुसले. "बरं, भांडण पुरे. बातमी ऐका. ॲन्युअल डेला आपली टीम हाच सीन करणार. मी चेअरमन, पूर्णिमा चेअरमनची बायको. आणि वॉचमन... घरात ओरिजिनल माल असताना बाहेर कशाला शोधायचा? तू अकोल्याचा ना, समाधान?"

"मूर्तिजापूरचा."

"तेच ते."

"मी नाही करणार."

"अरे, तुझं नाव देऊन बसलोय मी. पहिल्या रांगेत व्हीपी असणार. एवढे मेल लिहून होत नाही तेवढं तुझं नाव पाच मिनिटांत होईल."

"दुसरं कोणाचं तरी नाव द्या."

"किती भाव खातोस!" पूर्णिमाने पर्समधून मोबाइल काढला. "एकच वाक्य म्हणून दाखव ना. घरी बोलतोस तसं. आमच्यासमोर कधी बोलतच नाहीस तू."

खरंच होतं ते. पुण्यात आल्यापासून त्याने घरची बोली खोलीच्या दाराबाहेर काढली नव्हती. वडिलांचा फोन आला की तो ऑफिसच्या जिन्यात जाऊन बोलायचा, तेही कोणी येत नाही ना हे बघत. आता सगळं टेबल त्याच्या तोंडाकडे बघत होतं, एखादं माकड उडी कधी मारतं ते बघावं तसं.

समाधान उभा राहिला. तोंडातून काय निघतंय हे त्याचं त्याला निघाल्यावर कळलं.

"काऊन हासून रायले बे तुम्ही? त्या मानसाची बायको मरून रायली, थो सुट्टी मांगून रायला, अन् तुम्ही दात काढून रायले! कायची कॉमेडी बे?"

सगळं टेबल हसून फुटलं. तेजस पोट धरून वाकला.

"माहा बाप असाच बोलते! माही माय अशीच बोलते! उद्या माह्या घरी कोनी मेलं तं माय याच बोलीत रडन. तवाबी असेच दात काढसान का तिच्यावर?"

"हा तर त्या नटापेक्षा भारी निघाला!" दत्तप्रसाद टाळ्या वाजवत होता. "ऑडिशन पास! व्हीपी खुर्चीतून पडणार!"

"मी नक्कल नाई करून रायलो!" समाधानने टेबलावर मूठ आपटली. ग्लास कलंडला. "मी सांगून रायलो तुमाले!"

शेजारच्या टेबलावरचं कुटुंबही आता वळून हसायला लागलं. त्यांच्यातल्या एका बाईंनी तर कौतुकाने मान डोलावली.

समाधान थांबला. मघाची प्रमाण मराठी भाषा जिभेवर तयार होती. तिच्यात सांगितलं असतं तर दत्तप्रसादने पुन्हा मान हलवली असती, मुद्दा आहे म्हणाला असता. समाधानने ती भाषा गिळून टाकली.

"अरे देवा!" पूर्णिमा मोबाइलकडे बघून हळहळली. "रेकॉर्डिंग सुरूच झालं नव्हतं. समाधान, प्लीज, परत म्हण ना. ते आईचं. आणि असंच चिडून हं!"