जज मैदानात नकोत

जज मागे सरकत आला आणि थेट रुपालीच्या ड्रमवर आदळला.

रुपाली गुडघ्यावर कोसळली. तिच्या आजूबाजूची मुलं वाजवत तशीच पुढे गेली. ड्रम कोअर म्हणजे मैदानात कवायत करत वाजवणारं पथक; स्पर्धेत त्यातले वाजवणारे कुणासाठीही थांबत नाहीत. वर स्टँडमध्ये तिचे आजोबा, श्रीरंगराव, उठून उभे राहिले.

"बाबा, बसा," त्यांची सून पद्मजा म्हणाली. "आपल्यातलं कुणी खाली उतरलं तर सगळ्या मुलांना बाद करतील."

"अगं, पोर पडलीय."

"दिसतंय मला."

श्रीरंगराव बसले. रुपाली उठली, धावत आपल्या रांगेत घुसली आणि पावलं जुळवू लागली. जजही तिच्या मागोमाग गेला. मुलांच्या रांगांमधून फिरत, जवळ जाऊन ऐकणं हेच त्याचं काम. तो तिच्या ड्रमपाशी वाकला आणि हातातल्या पॅडवर पेन्सिलीने भराभर खुणा करू लागला.

"काय करतोय तो?"

"टिक करतोय," पद्मजा म्हणाली. तिची नजर मुलीच्या मनगटावर होती.

श्रीरंगरावांचा जीव जरा भांड्यात पडला.

हे १९८२ च्या उन्हाळ्यातलं. श्रीरंगरावांनी सांगलीच्या शाळेत उभी हयात घालवली होती. आता न्यू जर्सीत, एडिसनच्या घरी, दर रविवारी ते बेसमेंटमध्ये मुलांना मराठी शिकवत. उत्तर बरोबर आलं की लाल पेन्सिलीने ठळक टिक. चुकलेल्या उत्तरापुढे मात्र ते काहीच खूण करत नसत. फुली मारली की मूल उत्तराकडे बघत नाही, फुलीकडेच बघत बसतं, असं त्यांचं म्हणणं.

घरी परतताना रुपाली मागच्या सीटवर मनगटावर बर्फ धरून बसली होती.

"किती टिक मिळाल्या गं?" श्रीरंगरावांनी विचारलं.

"नाइन."

"तुला एकटीला?"

"येस, आजोबा. मला एकटीला."

"नऊ! वा. मी जज असतो तर आणखी एक दिली असती."

रुपालीला एकदम हसू फुटलं. "यू आर टू मच, आजोबा." मग ती खिडकीबाहेर बघू लागली. "इन्स्ट्रक्टर म्हणाला, शनिवारी पण असंच झालं तर माझा ड्रम काढून घेणार. झांजा देणार मला."

"पडलीस म्हणून? धक्का तर त्या जजने दिला."

"ही डझन्ट केअर."

"म्हणूनच सगळे पालक म्हणतायत, जज मैदानात नकोत," पद्मजा गाडी चालवता चालवता म्हणाली. "आज मनगट, उद्या डोकं फुटेल कुणाचं."

पालकांनी स्पर्धेच्या प्रमुखांना गाठलं, बरंच भांडण झालं. शेवटी प्रमुख एवढ्यावर आले, की जिला लागलं त्या मुलीच्या घरच्यांनी जजला समक्ष सांगावं, म्हणजे या शनिवारी तो मैदानाच्या रेघेबाहेर उभा राहील. नेमकी शनिवारी पद्मजाची हॉस्पिटलमध्ये ड्यूटी होती.

"तुम्हीच सांगा, बाबा. प्लीज स्टे ऑफ द फील्ड. एवढंच. म्हणून दाखवा बघू."

श्रीरंगरावांनी म्हणून दाखवलं.

आठवडाभर रुपाली गॅरेजमध्ये रबरी पॅडवर सराव करत होती. उजवा हात मधेच रेंगाळायचा. श्रीरंगराव दारात स्टूल टाकून बसायचे. अडलेला शब्द असता तर त्यांनी फोड करून सांगितला असता. इथे त्यांना काही करता येत नव्हतं.

"दुखतंय का?"

"नो." काठ्या थांबल्या नाहीत. "आजोबा, तुम्ही त्याला सांगाल ना?"

"सांगतो गं बाळा."

पण ते एक वाक्य त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. इन्स्ट्रक्टरला तर पोरीचं पडणं तेवढं दिसलं. त्या अख्ख्या मैदानात एकच माणूस तिच्याजवळ गेला, त्याने वाकून ऐकलं आणि नऊ टिक दिल्या. आणि त्यालाच म्हणायचं, लांब राहा?

शनिवारी जज स्वतःच त्यांच्याकडे आला. डोक्यावरची टोपी काढून त्याने मनगटाची चौकशी केली, माफी मागितली. "तुम्ही म्हणत असाल तर मी आज रेघेबाहेर थांबतो," तो म्हणाला.

"नो," श्रीरंगराव म्हणाले. "प्लीज गो इन. स्टे निअर माय ग्रँडडॉटर. ओन्ली, डोंट पुश."

"सर, मी जवळ असलो की मला सगळं ऐकू येतं. आणि जे ऐकू येतं त्याची मला खूण करावीच लागते."

"आय नो. आय वॉज अ टीचर."

जजने खांदे उडवले आणि टोपी घातली.

जज रेघ ओलांडून आत आलेला पाहताच रुपालीने मान वर करून स्टँडकडे पाहिलं. श्रीरंगरावांनी हात हलवला. जज या खेपेला फार जपून चालत होता, कुठे धक्का लागू दिला नाही. पण तिच्यापासून हललाही नाही. तिचा उजवा हात रेंगाळत होता, आणि जजची पेन्सिल थांबत नव्हती. श्रीरंगराव मोजत होते. शेवटी मोजदाद चुकली, तेव्हा ते नुसतेच समाधानाने बघत राहिले.

खेळ संपल्यावर ते बसच्या मागे गेले. इन्स्ट्रक्टर रुपालीच्या खांद्यावरचे पट्टे सोडवत होता. गवतावर झांजांची जोडी ठेवलेली होती. ड्रम उचलून इन्स्ट्रक्टर निघून गेला.

"हे काय?" श्रीरंगराव म्हणाले. "अगं, मी स्वतः बघितलंय. सगळा वेळ तो तुलाच टिक देत होता. बाहेर थांबतो म्हणत होता, मीच त्याला आत जायला सांगितलं. म्हटलं, माझ्या नातीजवळच राहा."

रुपालीने झटकन वर पाहिलं. "तुम्ही सांगितलंत?"

"मग? बाहेर राहिला असता तर इतक्या टिक मिळाल्या असत्या का तुला?"

रुपालीने गवतावरच्या झांजा उचलल्या. मग ती हळूच, मराठीत म्हणाली, "आजोबा, इथे टिक म्हणजे चूक."