आधीची बाई, नंतरची बाई

"केस अजून मागे ओढा. कपाळावरच्या आठ्या दिसू देत की!" फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून ओरडला.

मेकअपवालीनं थोरलीचे केस ओले केले, मधोमध भांग पाडला आणि मागे घट्ट अंबाडा बांधला. शेजारच्या खुर्चीत धाकटी बसली होती. दोघी जुळ्या. थोरली दहाच मिनिटांनी थोरली, पण बघणाऱ्याला दहा वर्षांनी वाटावी. मेख तिथंच होती. सुरकुत्या घालवणाऱ्या क्रीमची जाहिरात होती. डावीकडे थोरलीचा चेहरा, खाली लिहायचं 'आधी'. उजवीकडे धाकटीचा, खाली 'नंतर'. बाई एकच आहे असं लोकांना वाटलं की झालं काम. क्रीमची डबी समोरच होती. तिचं झाकण अजून कुणी उघडलंही नव्हतं.

खरं औषध निराळंच होतं, आणि ते डबीत भरून विकता येण्यासारखं नव्हतं. धाकटी संग्रहालयात जुनी वस्त्रं दुरुस्त करायची. जुन्या कापडाला उजेड सोसत नाही, म्हणून त्या खोलीला खिडकीच नव्हती. उभा जन्म तिनं ऊन पाहिलं ते सुट्टीच्या दिवशी, तेही टोपीखालून. कापडं टिकली, तशी तीही टिकली. थोरलीची रोपवाटिका. दिवसभर उन्हात वाकायचं, उन्हाकडे तोंड करून गिऱ्हाइकांशी बोलायचं, डोळे बारीक करून हसायचं. टोपी घाल म्हटलं की म्हणायची, "झाडं घालतात का टोपी?"

दोघी फोनवर बोलायच्या, पण भेटायच्या नाहीत. आईच्या आजारपणात सगळं थोरलीनंच केलं होतं. आज निघते, उद्या निघते करत धाकटी पोचली, तेव्हा आई गेलेली होती. थोरली भांडली नाही. एवढंच म्हणाली, "शेवटपर्यंत विचारत होती, घुबड आलं का म्हणून." लहानपणी धाकटी अंधाऱ्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायची, म्हणून आईनं तिला ते नाव ठेवलं होतं.

आईचा एकच फोटो होता, तो धाकटीनं मागून नेला. रोज उठल्या उठल्या दिसावा म्हणून खिडकीसमोर लावला. आता काय म्हणावं या बाईला! लोकांच्या आज्या-पणज्यांची वस्त्रं जन्मभर उजेडापासून जपली, आणि स्वतःची आई उन्हात टांगली. रोज बघत होती, म्हणून फिकट होत चाललेला फोटो तिच्या ध्यानातच आला नाही. ध्यानात आलं तेव्हा चौकटीत नुसता पिवळट कागद उरला होता. थोरलीला तिनं ताकास तूर लागू दिली नाही. पण खरं दुःख पुढंच होतं. डोळे मिटले तरी तिला आई दिसेना. आवाज आठवायचा, हात आठवायचे, 'घुबडे, जेवलीस का?' हे आठवायचं. चेहरा तेवढा येत नव्हता. मुली आईच्या वळणावर गेल्यात, असं सगळे म्हणत आले होते. म्हणून ती आरशासमोर उभी राहून आईला शोधायची. आई गेली त्या वयाला आता ती पोचली होती. तरी आरशात तिचाच गुळगुळीत चेहरा असायचा.

जाहिरातवाले मागे लागले तेव्हा ती हो म्हणाली, ते थोरली निदान या निमित्तानं तरी येईल म्हणून. थोरली आली, पण धुसफुसतच.

"बघ, राबल्याचं बक्षीस," ती आता म्हणाली. "मी आधी, तू नंतर. झालं समाधान?"

धाकटीनं समोरच्या आरशात पाहिलं. त्याच वेळी मेकअपवाली पेन्सिल आणायला बाजूला झाली.

आरशात तिच्याशेजारी आई बसली होती.

तोच भांग, तोच अंबाडा. हसून हसून डोळ्यांच्या कडेला पडलेल्या त्याच रेघा, ओठांजवळच्या त्याच दोन घड्या, रागावली की उमटायची ती कपाळावरची तिरकी आठी. उन्हानं कागदावरून आई पुसून नेली होती, आणि इथं रेघ न् रेघ काढून ठेवली होती.

"अगं, रडतेस काय? चेष्टा केली मी," थोरली घाबरून म्हणाली.

"आईचा फोटो गेला. माझ्या हातून. उन्हानं उडाला."

थोरलीचं लक्ष बहिणीच्या नजरेमागून आरशाकडे गेलं, आणि हात आपोआप अंबाड्याकडे.

"नंतर काय रागवायचं ते रागव," धाकटी म्हणाली. "आधी एकदा आईसारखं बोल. जेवलीस का म्हण. एवढंच म्हण."

"चला, 'आधी' कोण?" फोटोग्राफरनं हाक मारली. "लाइट लावून बसलोय!"

कुणी उठलं नाही. थोरलीनं मातीनं चिरा पडलेला खरखरीत हात बहिणीच्या गालावर ठेवला. मागितलेलं वाक्य तिनं उच्चारलंच नाही.

"आलीस होय, घुबडे?" ती म्हणाली. "चल, आता जेवून घे."