वर की खाली

"सूर्याच्या प्रभामंडळातला हा प्लाझ्मा वर उडतोय की खाली कोसळतोय?" पीएचडीच्या तोंडी परीक्षेत परीक्षक मॅडमनी वड्याचा घास हातातच ठेवून विचारलं.

शाल्मलीने वाकून आपला आलेख पाहिला. त्यात वेगाची अधिक-उणे चिन्हं उलटी पडली होती. वर जाणारं सगळं तिने खाली धाडलं होतं. इतका वेळ "आमचं काम, आमचं काम" म्हणून मिरवणाऱ्या तिच्या गाइडने, हुपरीकर सरांनी, खुर्ची हळूच मॅडमकडे सरकवली. "मी बजावलं होतं हिला," ते म्हणाले. चिन्हं अशी धरायची सवय सरांनीच लावली होती.

मग शाल्मलीला आपल्याच प्रबंधाचा विषय आठवला. "मॅडम, उलट दिशांच्या चुंबकीय रेषा भिडल्या, तुटल्या आणि नव्याने जुळल्या, की प्लाझ्मा वरही फेकला जातो आणि खालीही. चिन्हं बदलली तर दोन्ही झोतांची अदलाबदल होईल. निष्कर्ष तोच!"

मॅडमनी आलेख उलटा धरून पाहिला आणि त्या खो खो हसल्या. "खरंच की! चिन्हं तेवढी सुधारा, डॉक्टर."

"आमच्या या निष्कर्षाचं..." म्हणत सर खुर्ची ओढत परत आले.

शाल्मलीने वड्यांची ताटली उचलली. "सर, कुठल्या बाजूला बसायचं ते आधी ठरवा, मग देते."