बावीस वर्षं हार्डली

रेकॉर्डरूमच्या बाईंनी हेडक्लार्कच्या जागेसाठी अर्ज केला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, कुणालाही न विचारता, अख्खा इंग्रजीत लिहिला. 'बावीस वर्षं मी इथे हार्डली काम केलं आहे' हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की अर्ज देऊन आल्यावर त्याचा फोटो त्यांनी धाकट्या जावेला दाखवला. जाऊ शाळेत इंग्रजी शिकवायची.

ती आधी खुदकन हसली आणि मग कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो ताई, हार्ड म्हणजे कष्टाने. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच! बावीस वर्षं काम केलं नाही, असं तुम्ही चक्क लिहून दिलंत."

बाईंनी फोटोतला तो शब्द पुन्हा वाचला. फायलींची धूळ खाऊन खोकला जडला, त्याचं हे फळ! दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, माझा अर्ज परत द्या. एका शब्दाला 'ली' जास्त लागलाय."

साहेबांनी अर्ज काढला. खाली जोरदार शिफारस होती आणि सहीही झाली होती.

"वाचलाय मी तो शब्द," साहेब म्हणाले.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग सही कशी केलीत?"

"तुमचं काम मी रोज बघतो, बाई." साहेब खुर्चीत आरामात रेलले आणि गालातल्या गालात हसले.


"शिवाय या खुर्चीसाठी केलेल्या माझ्या अर्जातही हाच शब्द होता. फरक इतकाच, मला त्याचा अर्थ माहीत होता."