विरजणाचं फडकं

पाच वाजता पुण्याहून पीएचडीच्या सरांचा फोन येणार होता, आणि बाटलीतलं एन्झाइम काही केल्या जागं होत नव्हतं.

मंजुश्रीनं बाटलीतला एक थेंब टेबलावरच्या पांढऱ्या फरशीवरच्या सोड्याच्या पाण्यात सोडला. एन्झाइम काम करत असतं तर तो पिवळा पडायला हवा होता. पडला नाही. लोणारच्या सरोवराच्या चिखलातून तिनं हे एन्झाइम मिळवलं, तेव्हा काय तोरा होता त्याचा! पाण्यात टाकलं की झपाटल्यासारखं काम करायचं. कोरड्या द्रावकातही ते काम करतं, एवढं दाखवायचं होतं. त्यात तीन वर्षं गेली. आज नाही जमलं तर विषय बंद, असं सरांनी तोंडावर सांगितलं होतं.

ती सुट्टीत घरी आली होती, आणि लोणारच्या कॉलेजची प्रयोगशाळाही सुट्टीमुळे रिकामी होती. बारा वाजता तिची आई, तानाबाई, डबा घेऊन आली आणि स्टुलावर पाय वर घेऊन बसली.

"काय करून राह्यलं ते आतमंदी?"

"झोपलंय, आई."

"काऊन?"

"हलायला त्याला अंगावर पाण्याचा पातळ थर लागतो. या द्रावकात पाणी नाहीच. मग वाळण्याआधी शेवटच्या पाण्यात जसं होतं, तसंच आखडून बसतं."

पंखा संथ फिरत होता. बाटलीत पांढरे कण हळूहळू खाली बसत होते, आणि मंजुश्रीला वाटत होतं, आपणही त्यांच्यासोबत खाली खाली चाललोय.

"पुण्याले नेलेल्या फडक्याचं दही लागलं काय बाई?" तानाबाईनं विचारलं. विरजणात बुडवून सावलीत वाळवलेलं फडकं ती दर सुट्टीला लेकीसोबत द्यायची. कोमट दुधात त्याचा तुकडा टाकला की दही लागायचं.

"नाही लागलं. एकदाही नाही."

"माहेरून, उंद्रीहून आणलं होतं म्या हे इरजण, लगनात. तीस वर्षं लागून राह्यलं. तुलेच काऊन नाही लागत?"

मंजुश्री ओशाळली. "वास यायचा गं त्याला. होस्टेलच्या खोलीतल्या मुली नाकं मुरडायच्या. मी धुऊन घ्यायचे."

"धुऊन?" तानाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अवं, मंग राह्यलं काय त्यात? कापड!"

मंजुश्रीही हसली, आणि हसता हसता थांबली. वाळवण्याआधी एन्झाइमही तिनं तीन वेळा शुद्ध पाण्यानं धुतलं होतं; त्याचं शेवटचं पाणी सरोवराचं नव्हतंच. कुणी सांगितलं नव्हतं. सरोवराचा खारा, कुजका वास पुण्याच्या प्रयोगशाळेत न्यायची तिला लाज वाटायची.

एन्झाइमची चिमूटभर भुकटी उरली होती. वनखात्याची परवानगी काढून आणलेल्या सरोवराच्या पाण्यात तिनं ती विरघळवली आणि बशीत पसरून व्हॅक्यूम पंपाखाली ठेवली. पंप घुरघुरत राहिला. तानाबाई स्टुलावरच पेंगली. टेबलावर डोकं टेकून मंजुश्रीचाही डोळा लागला. स्वप्नात ती हिरव्या पाण्याच्या तळाशी चालत होती. पाणी अंगाला घट्ट चिकटलं होतं, आणि तरी हातपाय कधी नव्हे इतके मोकळे होते.

तीनला उठून तिनं वाळलेली भुकटी द्रावकात टाकली. वर त्या पातळ थरापुरतं, सुईच्या टोकाएवढं पाणी. मग नुसती वाट पाहिली.

पाच वाजायला दहा कमी असताना फरशीवर थेंब सोडला. आधी वाटलं, खिडकीतलं ऊन पडलंय. तिनं तळहातानं ऊन अडवलं. थेंब पिवळाच होता.

ती रडायलाच लागली. फोन वाजला तेव्हा नाक ओढतच बोलली.

"जमलं सर."

"काय बदललंस?"

"या वेळी धुतलं नाही. इथल्याच पाण्यातून वाळवलं."

लेक का रडतेय हे तानाबाईला नीट कळलं नाही, पण काहीतरी चांगलं झालंय एवढं कळलं. तिनं पदराची गाठ सोडली, नवं फडकं काढलं आणि हातातच धरून घुटमळली.

"न्यायचं हाये काय? वास येते त्याले."

मंजुश्रीनं फडकं नाकाशी धरलं. आंबट, घरचा वास.

"येऊ दे, माय," ती म्हणाली, आणि तिनं ते पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवलं.