खिशाचा फ्रॉक

“फ्रॉकचा खिसा काढा, दर उतरवा. नाहीतर ऑर्डर दुसरीकडे देतो,” व्यापारी गुंदेचा म्हणाले.

“मुलींना खिसा लागतोच,” टेबलावरच्या यंत्रातून आई म्हणाली.

वृंदाने डोळे मिटले. आईला जाऊन वर्ष झालं, तरी कारखान्याचे दर यंत्रात जपलेला तिचा मेंदूच काढत होता. ही ऑर्डर गेली, तर कारागीर बसून राहणार होते.

“त्यापेक्षा पट्टा काढते,” आई म्हणाली. “वीस रुपये कमी.”

“वहिनी, गेल्यावरही हट्ट सोडला नाहीत!” म्हणत गुंदेचांनी खुशीत ऑर्डर पक्की केली.

ते गेल्यावर वृंदाने डिझाइन पाहिलं. फ्रॉकला पट्टा नव्हताच; दरात मात्र त्याचे वीस रुपये आधीच धरलेले होते.

“गिऱ्हाइकाला काढायला काहीतरी ठेवावं,” आई म्हणाली. “तुला शिकवायचं राहून गेलं होतं.”